वेस्ताचा दुसरा कागद

कुंडीपाड्याच्या वेस्ता पावराला फसवलं ते शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने. मलाही त्यानेच फसवलं, पण मी जिवंत आहे, तेव्हा माझं नंतर.

सौदा असा होता. आम्हा दोघांना हिपॅटायटिस बी आहे, म्हणजे यकृतात बसणारा काविळीचा विषाणू. हा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत कसा शिरतो, याचा अभ्यास हा डॉक्टर करत होता. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. आम्ही वर्षभर, दर तीन महिन्यांनी, सहा-सहा नळ्या रक्त द्यायचं. त्याने तपासण्या फुकट करायच्या, वर्षभराच्या गोळ्या द्यायच्या आणि जे सापडेल ते आम्हाला सांगायचं. हे शेवटचं मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी लासलगावात जुन्या बारदानाचा धंदा करते. रिकाम्या गोण्या घ्यायच्या, झटकायच्या, फाटलेल्या शिवायच्या आणि व्यापाऱ्यांना विकायच्या. नवरा सोडून गेला तेव्हा माझ्याकडे एक दाभण आणि सुतळीचा गुंडा होता, आज स्वतःचं गोडाऊन आहे. शब्द पक्का केल्याशिवाय मी गोणीला हात लावत नाही. डॉक्टरने रबरी हातमोजा न काढता माझ्या हातावर हात दिला. तिथेच मी उठायला हवं होतं.

वेस्ता द्राक्षबागेत कामाला आलेला, धडगावकडचा पावरा आदिवासी. रक्त द्यायला आलो की हॉस्पिटलातल्या बाकावर माझ्या शेजारी बसायचा. त्याच्या डोंगरात फोनला रेंज नव्हती, म्हणून फॉर्मवर त्याने माझा नंबर दिला. "तुझा फोन नेहमी लागतो, ताई," म्हणाला. माझा फोन खरंच नेहमी लागतो. तो धंद्याचा फोन आहे, त्यावर माणसांचे फोन कमीच येतात.

दिवाळीच्या सुमारास वर्ष संपलं. डॉक्टर घाईत बाहेर आला, दोघांच्या हातात कागद दिले आणि म्हणाला, "रक्तात विषाणू दिसत नाही. अभिनंदन." मी त्याच्या मागे धावून विचारलं, गोळ्या चालू ठेवायच्या का. त्याने चालता चालता मान हलवली. मी त्याला हो समजले आणि माझ्या गोळ्या दुकानातून घ्यायला लागले. वेस्ताने मला विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "तुझं रक्त साफ आहे." मला माझी गाडी गाठायची होती.

होळीनंतर दोन दिवसांनी हॉस्पिटलातून माझ्या फोनवर दोन फाइली आल्या. एक माझी, एक वेस्ताची. हंगाम तोंडावर होता, गोडाऊनमध्ये गोण्यांचा डोंगर होता. मी फाइली अठरा दिवसांनी उघडल्या. काही कळेना म्हणून हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतल्या मुलीला फोन लावला. ती भली होती, सावकाश बोलली.

"मावशी, आधीची तपासणी पेशी वगळून उरलेल्या रक्ताच्या पाण्याची होती. ही पांढऱ्या पेशींची आहे. तुमच्या पेशींत काही मिळालं नाही. वेस्ताभाऊंच्या पेशींत विषाणूचा अंश मिळालाय."

"राखणदाराच्या आत?"

"हो. मुख्य घर यकृतच. पण काहींच्या बाबतीत तो राखणदारांतही शिरतो. नेमका कसा, आणि आत वाढतो की नुसता पडून राहतो, हे अजून पक्कं कळलेलं नाही. ते गोळ्या घेतायत ना?"

विचारून सांगते, म्हटलं. विषाणू आत लपतो हे समजायला मला वेळ लागला नाही. गोणी कितीही झटका, उन्हात टाका, वरून साफ दिसते. पोरकिडे शिवणीत असतात. शिवण उलटून बघितली नाही तर महिन्याभरात नवं धान्य हलायला लागतं. जो माणूस शिवण उलटून बघतो, त्याला तिथे किडा असू शकतो हे आधीपासून ठाऊक असतं.

वेस्ताचा फोन बंद. दोन आठवडे बंद. प्रयोगशाळेतल्या मुलीने एक गोष्ट बजावली होती: बायकोमुलांची तपासणी करा, आणि घरात कोणी पोटुशी असेल तर आधी तिची. वेस्ताची मुलगी पोटुशी आहे हे मला माहीत होतं, त्यानेच बाकावर सांगितलेलं. एप्रिलच्या मध्यावर मी गोडाऊनला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली आणि निघाले. कोणाला सांगायचं, हा प्रश्न आला नाही.

प्रकाशा, शहादा

तापी मी पहिल्यांदा बघितली ती प्रकाशाच्या पुलावरून. आमची गोदावरी उन्हाळ्यात हाडं दाखवते. ही रुंद, पोटभर जेवल्यासारखी शांत. काठावर देवळं, आणि मागे केळीची हिरवी भिंत. पुलाअलीकडे एक म्हातारी गाडीत चढली, डोक्यावरून पदर, मांडीवर स्टीलचा डबा. बसल्या बसल्या चौकशी सुरू झाली.

"कोठे जाई ऱ्हायनी बाई?"

"धडगावला."

"एकलीच?"

"एकटीच."

"तठे कोन शे तुन्हं?"

"कोणी नाही."

"कोनी नही, मंग कसाले जास?"

मी म्हटलं, एकाचा कागद द्यायचा आहे. तिला ते पटलं नाही. कागद टपाल नेतं, बाया नेत नाहीत, असं तिचं म्हणणं. मग डबा उघडून तिने दादरची भाकरी मोडली, वर लाल मिरचीचा ठेचा ठेवला आणि अर्धी माझ्या हातावर दिली. दादर म्हणजे इकडची ज्वारी, पांढरी आणि गोडसर. आमच्याकडे गाडीत अनोळखी माणसाला कोणी घास देत नाही, आणि दिला तर तो घेत नाही. मी हात आखडला, तशी ती म्हणाली, "खाय ना. मी काय इख घालेल शे का?" मग स्वतःच सांगत राहिली की तिचा आंडोर सुरतेला आहे, तिकडेच घर केलंय, फोन करतो पण बोलत नाही. आंडोर म्हणजे मुलगा, हे मला संदर्भाने कळलं. लोणखेड्याला उतरताना ती म्हणाली, "येवानी येळे आठे ये. भाकर खाई जाय." येताना मी त्या वाटेने आले तेव्हा तिचं घर कुठलं हे विचारलंच नव्हतं, असं लक्षात आलं.

शहाद्याला लॉजवर मुक्काम केला. रजिस्टरात एक रकाना होता: अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे. मॅनेजर पेन धरून उभा.

"नातेवाइकाचा नंबर टाका, ताई. पोलिसांचा नियम आहे."

माझा भाऊ आहे. त्याला मी शिकवलं, त्याचं लग्न मी लावून दिलं. माझा आजार कळल्यावर त्याने माझं ताट वेगळं केलं, वर तारेने खूण केली. डॉक्टरने त्याच्या तोंडावर सांगितलं की हा आजार जेवणातून, भांड्यातून पसरत नाही. ताट वेगळंच राहिलं. मी त्याच्या घरी जेवणं सोडलं. मॅनेजर वाट बघत होता. मी वेस्ताचा नंबर लिहिला.

घाट

सकाळी जीपच्या अड्ड्यावर पुढच्या सीटवरून माझं ड्रायव्हरशी वाजलं. पुढे बसायचं तर दोन सीटचे पैसे, असा त्याचा हिशेब.

"मावशी, भाव एकच शे. पटस ते बठ."

मी म्हटलं, गोणी मांडीवर घेते, दीड सीट धर. तो हसला आणि कांद्याची एक गोणी खरंच माझ्या मांडीवर ठेवली. गोणी माझ्या ओळखीच्या शिवणीची होती, आमच्याच भागातली. दोन तास ती धरून बसले. मागे सोळा माणसं, टपावर चार, आणि एक बकरी जी सगळ्यांत शहाणी होती.

सपाटी संपली आणि डोंगर सुरू झाले. सातपुडा एप्रिलमध्ये राखाडी असतो, साग उघडे पडलेले, मध्येच एखादं मोहाचं किंवा आंब्याचं झाड हिरवं. घरं डोळ्यांना सवय झाल्यावरच दिसतात. आमच्याकडे गाव म्हणजे भिंतीला भिंत. इथे एकेका टेकाडावर एकेक घर, मध्ये हाकेचं अंतर. मला वाटलं, ही माणसं किती एकटी. नंतर कळलं की हाक मारली की चार टेकाडांवरून ओ येते. माझ्या गल्लीत मी हाक मारली तर खिडक्या लागतात.

वळणावर इंजिन तापलं, ड्रायव्हरने गाडी थांबवून पाणी ओतलं. वेळ जावा म्हणून मी विचारलं, कुंडीपाड्याचा वेस्ता माहीत आहे का.

"वेस्ता? द्राक्षवाला? तो ते मरी गया ना, मावशी."

"कधी?"

"होळी नंतर. धा दिवस व्हई. डोळा हयद मायक पिवळा व्हई गयथात." हळदीसारखे पिवळे, असं म्हणत त्याने बोटाने स्वतःचा डोळा ओढून दाखवला. "तू कोन त्यानी?"

मी म्हटलं, "बाकावर शेजारी बसायचे." त्याने मान डोलावली, जणू हे नातं इथे चालतं. मग माझ्या मांडीवरची कांद्याची गोणी उचलून मागे टाकली आणि उरलेल्या वाटेत दीड सीटचं नाव काढलं नाही.

गोणी गेल्यावर हात मोकळे झाले आणि डोक्यात आकडा बसला. फाइल आली होळीनंतर दोन दिवसांनी. वेस्ता गेला होळीनंतर दहा दिवसांनी. मध्ये आठ दिवस तो जिवंत होता आणि त्याचा कागद माझ्या फोनमध्ये न उघडता पडून होता.

कुंडीपाडा

धडगावच्या पुढे दुसऱ्या जीपने, मग पायी. उतरणीवर चपलेचा अंगठा तुटला. तापलेल्या दगडांवरून अनवाणी नाचत मी वेस्ताच्या अंगणात पोचले. एवढा राग घेऊन आलेली बाई अशी पोचली की कोणी घाबरत नाही. उलट एक तरुण मुलगी पोट सावरत बाहेर आली, माझ्या पायांवर पाणी ओतलं आणि मग विचारलं, "मॅडम, सर्वेच्या का?"

ती सुनीता, वेस्ताची मुलगी. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, मराठी स्वच्छ. आठवा महिना. नवरा गुजरातेत कामाला, ती बाळंतपणाला आईकडे आलेली. आई जमना अंगणात कैऱ्या चिरत होती. सगळं टेकाड कैरीच्या फोडींनी पांढरं झालेलं, खडकांवर, चटयांवर. हे आमचूर. इथल्या घरांचं उन्हाळ्यातलं मोठं पीक. आंबट वासाने दात शिवशिवत होते. जमना फक्त पावरी बोलायची. तिचं बोलणं मी सुनीताच्या तोंडून ऐकलं, ते तसंच लिहिते.

भिंत बांबूच्या कुडाची, शेणाने सारवलेली. त्यावर वेस्ताचा फोटो आणि शेजारी डॉक्टरने दिलेला पहिला कागद, धडगावहून प्लास्टिकात बसवून आणलेला. हा कागद वेस्ताने येईल त्याला दाखवला होता. रक्त साफ आहे म्हणून गोळ्यांची गरज नव्हती. अभ्यासाचं वर्ष संपल्यामुळे त्या मिळतही नव्हत्या. माघात अंग मोडून आलं, शिमग्यात डोळे पिवळे. धडगावला जाऊया, असं सुनीता म्हणाली. वेस्ताने भिंतीकडे बोट दाखवलं. मोठ्या डॉक्टरने लिहून दिलंय, कावीळ दुसरी असेल, झाडपाल्याने जाईल.

मी माझा आजार सांगितला. जेवायच्या आधीच सांगते, सवय आहे, नंतर तोंडं बघायला नकोत. जमनाने मक्याची भाकरी आणि उडदाची घट्ट डाळ एकाच थाळीत वाढली आणि आम्ही तिघी मिळून जेवायला बसलो.

"हे जेवणातून लागत नाही," मी म्हटलं.

"वेस्ताने सांगितलंय," सुनीता म्हणाली. "मग तुम्ही इतक्या लांबून का सांगताय?"

"माझ्या भावाला पटत नाही."

जमनाने काहीतरी विचारलं. सुनीता म्हणाली, "आई विचारते, भावाला डॉक्टरने सांगितलं नाही का?"

"सांगितलं. लिहून दाखवलं. त्याचा कागदावर विश्वास नाही."

सुनीताने भाषांतर केलं आणि जमना पहिल्यांदा हसली. "माझाही नाही," ती म्हणाली.

त्या हसण्यावर माझं काम अडकलं. सुनीताची तपासणी, दवाखान्यात बाळंतपण, जन्मल्याबरोबर बाळाला लस. आईला हा विषाणू असेल तर पहिल्या दिवसाची लसच बाळाला वाचवते; पुढे ढकलली तर उपयोग कमी. मी दुसरा कागद दाखवून हे सांगितलं. जमनाने कैरी चिरणं थांबवलं नाही. बाळंतपण इथेच होणार, पलीकडच्या टेकाडावरची म्हातारी करते, सुनीताचंही तिनेच केलं. पहिला कागद म्हणाला बरा आहे, माणूस मेला. आता तू दुसरा आणलास. दोनातला खोटा कुठला, ते आधी सांग.

मी आयुष्यभर सौदे केलेत. समोरचा जिथे अडतो तिथे थोडं सोडायचं आणि दुसरीकडून घ्यायचं. या बाईला माझ्याकडून काहीच नको होतं. अशा माणसाशी भाव कसा करायचा, मला येत नाही.

अंगण

दुसऱ्या दिवशी गावचा कारभारी आला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, थोडं मराठी येणारा. बाजेवर बसला आणि मला समोर जमिनीवर बसायला सांगितलं. जमना त्याच्या बाजूला.

"आमच्यात असं आहे, बाई," तो म्हणाला. "माणूस गेला, आणि कोणाच्या हातून चूक झाली असं घरच्यांना वाटलं, तर तो माणूस अंगणात येऊन बसतो. पळत नाही. आधी तो बोलतो, मग घरचे बोलतात. नंतर सगळे एकत्र पितात आणि विषय मिटतो. तू कागद घेऊन आली आहेस, पण बसली नाहीस."

"मी काय केलं?" माझा आवाज चढला. "मी स्वतःच्या पैशाने इथवर आले. ज्याने केलं त्याला बोलवा."

"त्याचा नंबर कोणाकडे आहे?"

माझ्याकडे होता. जमना कैरी चिरत राहिली. कोणालाच घाई नव्हती, आणि मला घाईच्या माणसांशीच भांडता येतं. रागाने मी उठलेही. पण उठून जायचं कुठे, तर कुलूप लावलेल्या घराकडे. मी परत बसले.

मग मी सांगितलं. बाकावर वेस्ताने मला विचारलं होतं आणि मीच म्हटलं होतं, तुझं रक्त साफ आहे. गोळ्यांचं मी माझ्यासाठी विचारलं, त्याच्यासाठी विचारलं नाही. त्याचा कागद माझ्या फोनमध्ये अठरा दिवस पडला होता, त्यातले आठ दिवस तो जिवंत होता. एवढं सलग मी स्वतःविरुद्ध कधी बोलले नव्हते. सुनीता वाक्यावाक्याला आईला सांगत होती आणि आठ दिवसांपाशी तिने आकडा माझ्याकडून पुन्हा विचारून घेतला.

"आठ दिवस," जमना म्हणाली. सुरी खाली ठेवली. मग विचारलं, "त्या आठ दिवसांत वाचला असता?"

"माहीत नाही. कदाचित."

"आणि रक्तात नव्हता, तर होता कुठे?"

मी गोणीचं, शिवणीचं सांगितलं. तिला गोणीतलं फारसं कळलं नाही. मग तिनेच राशीतून एक कैरी उचलली. गुळगुळीत, हिरवी, कुठे डाग नाही. मधोमध चिरली. कोवळ्या कोयीच्या आत पांढरी अळी.

"वरून भोक नाही," ती म्हणाली. "फळ बोटाएवढं असतं तेव्हा शिरतो. मग भोक भरून येतं."

मी त्या कैरीकडे बघत राहिले. हॉस्पिटलातल्या मुलीने अर्धा तास घेऊन जे सांगितलं ते हेच होतं. मोठेपणी हा विषाणू शिरला तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं. जन्मताना शिरला तर बहुधा जन्मभर राहतो.

"मग तुझ्या नातवंडाचंही तेच," मी म्हटलं. "बोटाएवढं असतानाच अडवायचं. पहिल्याच दिवशी. नंतर भोक दिसणार नाही."

सुनीताने हे आईला सांगितलं की स्वतःलाच, कळलं नाही. जमनाने चिरलेली कैरी लांब फेकली. कारभाऱ्याने मोहाची दारू मागवली, पानाच्या द्रोणात. थोडी जमिनीवर सोडली, वेस्तासाठी. माझ्या यकृताचं कारण सांगून मी पाण्याचा द्रोण घेतला; चालतं का, विचारलं.

"बसलेल्याला चालतं," तो म्हणाला. मग सुनीताला काहीतरी सांगून माझ्याकडे वळला. "तुझं झालं. आता दुसरा कधी येतोय?"

जमनानेही तेच विचारलं. ती सुनीताला दवाखान्यात नेईल, बाळंतपण तिथेच करेल. पण ज्याने पहिला कागद दिला त्याने या अंगणात येऊन बसायचं. तिने मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हटलं. दुसऱ्याच्या वतीने शब्द देणं माझ्या धंद्यात मूर्खपणा समजतात.

धडगाव

सरकारी दवाखान्यात गर्दी होती, पण कोणी हाकललं नाही. बोटातला थेंब पट्टीवर, दुसरी रेघ उमटली तर विषाणू आहे. सुनीताची रेघ उमटली. जमनाचीही. तिथल्या डॉक्टरणीने पट्टी बाजूला ठेवली, खुर्ची ओढून दोघींच्या मध्ये बसली आणि म्हणाली की पुढची तपासणी जिल्ह्याच्या दवाखान्यात होईल, बाळासाठी लस इथे आहे, सोबतचं दुसरं इंजेक्शन ती आधीच मागवून ठेवेल. कळा सुरू होण्याची वाट बघायची नाही, चार दिवस आधी येऊन राहायचं. हे तिने तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आशाताईला बोलावून पावरीत सांगायला लावलं. सांगणं म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

जीप सुटेपर्यंत सुनीता माझ्यासोबत रस्त्याकडेला बसली. मी तिला आमचूर भरायच्या गोण्यांबद्दल शिकवत होते, व्यापारी वजनात कुठे मारतात, ओलसर गोणी कशी ओळखायची. तिचं लक्ष नव्हतं.

"मावशी, माझ्याही पांढऱ्या पेशींत असेल का?"

"माहीत नाही. कोणी शोधलेलं नाही."

"शोधलं तर सांगतील का?"

जीप आली. या वेळी मी मागे बसले, सीटवरून भांडले नाही. धुळीत ती बराच वेळ उभी दिसत होती, मग वळण आलं. माझ्या पायांत जमनाच्या प्लास्टिकच्या चपला होत्या, एक बोट लहान.

घरी

परतल्यावर आधी हॉस्पिटलात फोन केला. चौथ्या दिवशी डॉक्टर भेटला, फोनवरच.

"पेशींचा अहवाल संशोधनासाठी होता," तो म्हणाला. "उपचारासाठी नाही. तसं फॉर्मवर लिहिलेलं आहे. आणि गोळ्या परस्पर बंद करा असं कोणीही सांगितलं नव्हतं."

"चालू ठेवा असं त्याला सांगितलं?"

"बाई, मला ओपीडी आहे."

त्यानंतर त्याने माझा फोन घेतलेला नाही. मेमध्ये सुनीताचा फोन आला, धडगावच्या दवाखान्यातून. मुलगी झाली, दोन्ही टोचण्या त्याच दिवशी झाल्या. लागण टळली की नाही हे वर्षाच्या आतबाहेर तपासल्यावर कळेल. तोवर दोन बाया एका टेकाडावर आणि मी इथे, वाट बघायची. रोज गोळी घेते. ताट एकच आहे, स्वतःच धुते.

डॉक्टर, तुमचं नाव मी लिहिलेलं नाही, पण हे तुमच्यापर्यंत पोचेल याची व्यवस्था केली आहे. तुम्ही म्हणाल फॉर्मवर लिहिलं होतं. वेस्ताला वाचता येत नव्हतं, आणि हे तुमच्याच फॉर्मवर लिहिलं होतं. तुम्ही म्हणाल दुसरा अहवाल उशिरा आला. पण विषाणू पांढऱ्या पेशींत लपतो हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर तुम्ही तिथे शोधत होता. माझ्या वाटणीचं मी अंगणात बसून बोलले. तुमच्या वाटणीचं मला बोलता येत नाही. शहाद्याहून धडगावला जीप मिळते, पुढे दुसरी, मग थोडं चालायचं. कारभारी मराठी समजतो, बाकीचं सुनीता सांगेल. येऊन खाली बसा आणि जमनाला उत्तर द्या: ती जागा तपासून होण्याआधी तिच्या नवऱ्याला अभिनंदन का म्हणालात, आणि गोळ्यांशिवाय घरी का पाठवलंत?